गल्फपोर्ट ते क्योटो : महमूद अब्दुल रऊफ यांचा लांबचा प्रवास

दरवर्षी शाळेच्या क्रीडास्पर्धा आटोपल्या की काही पालक आम्हाला हमखास भेटतात. मुलगा चांगला खेळतो, जिल्ह्यापर्यंत जाऊन आला, आता त्याला वह्या-पुस्तकं नकोशी झाली आहेत, अशी त्यांची तक्रार असते. अब्बांचा प्रश्न एकच असतो, "खेळून घर चालतं का?" अम्मींचा प्रश्न वेगळा. पोरगा परमुलखात गेला तर त्याचं वळण टिकेल का, नमाज-रोजा टिकेल का, हा त्यांचा घोर. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या महिन्यात एका व्यावसायिक बास्केटबॉलपटूची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचकांपुढे मांडतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यात बऱ्याच अंशी सापडतात. काही गोड आहेत, काही कडू.

या खेळाडूचं नाव महमूद अब्दुल रऊफ. जन्म ९ मार्च १९६९, गाव गल्फपोर्ट, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं समुद्रकाठचं शहर. जन्माच्या वेळचं नाव ख्रिस जॅक्सन. घरात गरिबी होती, वडील सोबत नव्हते. एकट्या आईने मुलांना वाढवलं.

अंगातला चाळा आणि हातातला चेंडू

या मुलाच्या अंगाला अचानक झटके येत. मान वळे, डोळे मिचकावले जात, तोंडातून नकळत आवाज निघे. बुटाची नाडी बांधायला बसला की ती मनासारखी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडायची आणि बांधायची. शाळेत त्याला वेगळ्या वर्गात बसवलं गेलं. हा 'टुरेट सिंड्रोम' नावाचा मज्जासंस्थेचा विकार आहे, हे कळायला त्याला वयाची सतरा वर्षं लागली.

इथे थोडं थांबून आम्ही शिक्षक म्हणून दोन शब्द बोलतो. आपल्या घरांतही अशी मुलं असतात. आपण काय म्हणतो? "उगाच चाळे करतो." "नजर लागली." "याच्यावर काहीतरी असर आहे." मग कुणी कान पिरगाळतं, कुणी ताईत बांधतं. खरं म्हणजे टुरेट असलेलं मूल हे मुद्दाम करत नाही. ते क्षणभर रोखू शकतं, पण रोखल्याने आतला ताण वाढतो आणि रागावल्याने झटके वाढतात. बुद्धीशी याचा संबंध नाही. मुलाला मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवावं, शाळेला सांगावं आणि भावंडांना चिडवू देऊ नये. एवढं केलं तरी अर्धं ओझं उतरतं.

ख्रिसच्या बाबतीत त्या विकारानेच एक विचित्र मदत केली. नाडीसारखाच चेंडूही 'बरोबर' पडायला हवा, असा त्याच्या मनाचा हट्ट असे. नुसता रिंगमध्ये पडून भागत नसे. जाळीचा आवाज ठरावीक यायला हवा. तसे ओळीने दहा पडल्याशिवाय मैदान सोडायचं नाही. नववा बरोबर पडून दहावा चुकला तर पुन्हा एकपासून मोजणी. दमून रडकुंडीला आला तरी सुटका नाही. त्याचा हात लोकांनी पुढे नावाजला, पण तो असा घडला होता.

कॉलेज, आणि मग नाव

शाळेत असताना तो मिसिसिपी राज्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९८८मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी सामन्यामागे सरासरी ३०.२ गुण काढले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एवढी सरासरी आजवर काढली नव्हती. उंची सहा फूट एक इंच. बास्केटबॉलच्या हिशेबात ही बुटकीच. दुसऱ्या वर्षी त्याच संघात शकील ओनील आला. पुढे 'शॅक' म्हणून जगभर गाजला तो हाच.

विद्यापीठाचे प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी त्याला माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र वाचायला दिलं. त्या पुस्तकापासून मनात प्रश्न सुरू झाले. घराची गरिबी डोळ्यांपुढे होती, म्हणून दोन वर्षांनी, पदवी पूर्ण होण्याआधीच, तो व्यावसायिक खेळात उतरला. अमेरिकेत एनबीए ही सर्वात मोठी लीग. तिथे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते आणि संघ पाळीपाळीने एकेकाला उचलतात. १९९०च्या निवडीत डेन्वर नगेट्स या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं.

१९९१मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि १९९३मध्ये कायद्याने नाव बदललं. महमूद म्हणजे प्रशंसनीय, अब्दुल रऊफ म्हणजे कृपाळू रबचा बंदा. रमजानात सामने आले तरी रोजे ठेवून खेळले. नाव बदललं तेव्हा ते आधीच प्रसिद्ध होते. ख्रिस जॅक्सन हे नाव लाखो लोकांच्या तोंडी होतं आणि बाजारात त्या नावाला भाव होता. तरी त्यांनी ते सोडलं.

एका चेंडूचा हिशेब

डेन्वरमधली पहिली दोन वर्षं ओढाताणीची गेली. १९९२-९३च्या मोसमात मात्र सरासरी १९.२ गुणांवर पोहोचली आणि सर्वाधिक प्रगती केलेल्या खेळाडूचा पुरस्कार मिळाला. पुढच्या मोसमातला एक आकडा आम्हाला गणिताच्या तासाला फळ्यावर लिहावासा वाटतो.

बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याने नियम मोडून अडवलं तर एक मोकळी फेक मिळते, तिला फ्री थ्रो म्हणतात. समोर कुणी नाही, फक्त तुम्ही आणि रिंग. १९९३-९४मध्ये महमूद यांना अशा २२९ फेकी मिळाल्या आणि २१९ पडल्या. म्हणजे ९५.६ टक्के. तोवरचा विक्रम कॅल्विन मर्फी यांचा, ९५.८ टक्के. मुलांना विचारा, विक्रमासाठी आणखी किती फेकी पडायला हव्या होत्या? उत्तर आहे एक. २२० पडल्या असत्या तर टक्केवारी ९६च्या वर गेली असती. पूर्ण मोसमात एक फेक कमी पडली आणि विक्रम हुकला.

त्याच वर्षी बाद फेरीत डेन्वरने नवल केलं. आपल्या विभागात आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकाने पात्र ठरलेल्या या संघाने पहिल्या क्रमांकाच्या सिॲटलला पाच सामन्यांच्या मालिकेत हरवलं, तेही पहिले दोन सामने गमावल्यावर. एनबीएत असं पूर्वी घडलं नव्हतं. डिसेंबर १९९५मध्ये युटा जॅझविरुद्ध त्यांनी एका सामन्यात ५१ गुण काढले. फेब्रुवारी १९९६मध्ये मायकल जॉर्डन यांच्या शिकागो बुल्सला डेन्वरने हरवलं, त्यात महमूद यांचे ३२ गुण होते. त्या मोसमात शिकागोने ८२पैकी ७२ सामने जिंकले, हरले फक्त १०. त्या दहांतला हा एक.

आणि मग एका महिन्यात सारं फिरलं.

मार्च १९९६

अमेरिकेत सामन्याआधी राष्ट्रगीत होतं. एनबीएचा नियम असा की खेळाडूंनी त्या वेळी अदबीने उभं राहायचं. त्या मोसमात महमूद राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहत नव्हते. कधी आत कपडे बदलण्याच्या खोलीत थांबत, कधी बाजूला अंग मोकळं करत. कित्येक महिने कुणी बोललं नाही. मार्चमध्ये बातमी बाहेर आली आणि पत्रकारांनी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं की हा झेंडा अनेकांसाठी जुलमाचं प्रतीक आहे, या देशाचा तसा मोठा इतिहास आहे, आणि आपली निष्ठा आपल्या श्रद्धेशी आहे.

१२ मार्च १९९६ रोजी लीगने त्यांना निलंबित केलं. जोवर उभे राहणार नाहीत तोवर पगार नाही. प्रत्येक सामन्यामागे ३१,७०७ डॉलरचं नुकसान. खेळाडूंची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. देशभर वाद पेटला. डेन्वरकडच्या एका रेडिओ केंद्राची माणसं स्थानिक मशिदीत शिरली आणि तिथे तुतारीवर राष्ट्रगीत वाजवून आली.

वाचकांनी हेही लक्षात घ्यावं की मुसलमानांतही यावर एकमत नव्हतं. ह्यूस्टन संघाचे हकीम ओलाजुवॉन हे नायजेरियातून आलेले, रोजे ठेवून खेळणारे मोठे खेळाडू. राहत्या देशाचा कायदा आणि मान पाळणं हे आपल्या धर्माचंच सांगणं आहे, अशी त्यांची भूमिका होती. इतरांनीही महमूद यांना समजावलं. निलंबनामुळे एक सामना हुकल्यावर मधला मार्ग निघाला. ते उभे राहतील, पण मान झुकवून, दोन्ही हात पुढे धरून, पीडितांसाठी दुआ मागतील. १५ मार्चला शिकागोच्या भरलेल्या मैदानात त्यांनी तसंच केलं. प्रेक्षक ओरडत होते. ते दुआ पूर्ण करून खेळायला गेले.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. आपल्या शाळांत 'जन गण मन'ला मुलं-शिक्षक सारे अदबीने उभे राहतात, आम्हीही राहतो. तरी सद्सद्विवेकाचा प्रश्न आपल्या न्यायालयातही आला होता. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण आपल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं. ऑगस्ट १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. मुलं आदराने उभी होती, न गाणं म्हणजे अपमान नव्हे, असं न्यायालयाने मानलं. शिकागोत निघालेला मार्ग आणि हा निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. आदरही राखला गेला, मनही राखलं गेलं.

दारं बंद होतात ती आवाज न करता

त्या मोसमात डेन्वरसाठी सर्वाधिक सरासरीने गुण काढणारे महमूदच होते, सामन्यामागे १९.२. तरी जूनमध्ये डेन्वरने त्यांना सॅक्रामेंटो संघाला देऊन टाकलं. तिथे पहिल्या वर्षी सरासरी १३.७ राहिली. दुसऱ्या वर्षी फक्त ३१ सामने मिळाले. १९९८मध्ये करार संपला आणि कुणीही नवा करार दिला नाही. वय फक्त २९ होतं.

शिक्षा झाली ती एका सामन्याची. निलंबन उठलं, दंड संपला, पण नंतर खेळायला मिळणारी मिनिटं कमी होत गेली. खेळ घसरला म्हणून कमी झाली की मार्च १९९६मुळे? त्यांचं स्वतःचं म्हणणं दुसरं. कागदावर कुठल्याही संघाने तसं लिहिलेलं नाही, आणि लिहीतही नाहीत. नोकरीच्या जगात ज्यांनी असा अनुभव घेतला आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. उघड काढून टाकलं तर माणूस दाद मागू शकतो. नुसतं बोलावणंच आलं नाही तर दाद कुणाकडे मागणार?

परमुलखातली भाकरी

मग सुरू झाली परदेशातली वर्षं. १९९८मध्ये तुर्कस्तानात इस्तंबूलचा फेनरबाचे क्लब. परत येऊन वर्षभर खेळ नाही. २०००-०१मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर ग्रिझलीज संघाकडून एनबीएत ४१ सामने. तो एनबीएतला शेवटचा मोसम. एकूण हिशेब ५८६ सामने, सरासरी १४.६ गुण, फ्री थ्रो ९०.५ टक्के.

२००१च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतलं त्यांचं घर जळून खाक झालं. घरात कुणी नव्हतं. त्याआधी घरावर वंशद्वेषी खुणा रंगवल्या गेल्या होत्या, त्यामुळे आग लावल्याचा संशय होता आणि तपासही झाला. स्वतःच्या गावाजवळ बांधलेलं घर गेलं आणि कुटुंबाने तो मुलूख सोडला.

पुढे २००३-०४मध्ये रशियात उरल पर्वताजवळच्या पर्म शहराचा संघ. २००४-०५मध्ये इटलीच्या समुद्रकाठी रोझेतो नावाच्या छोट्या गावाचा संघ. २००६-०७मध्ये ग्रीसच्या थेसालोनिकीचा एरिस हा जुना क्लब. सौदीत जेद्दाहचा अल-इत्तिहाद. आणि २००९ ते २०११ जपानच्या क्योटोचा हन्नारिझ संघ. क्योटोत खेळायला गेले तेव्हा वय चाळीस. सोबतचे काही खेळाडू मुलाच्या वयाचे.

या परदेशी खेळाचं स्वरूप समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याकडची मुलं टीव्हीवर फक्त झगमगाट पाहतात. परदेशी क्लबात बाहेरच्या खेळाडूंची संख्या ठरलेली असते. करार बहुधा एका मोसमाचा. क्लब राहायला जागा देतो, पण अपेक्षा अशी की परदेशी खेळाडूने पहिल्या दिवसापासून गुण काढावेत. दोन-चार सामने वाईट गेले की परतीचं तिकीट. पगार रखडतात, काही क्लब बुडतातही. अशा तक्रारी इतक्या झाल्या की जागतिक बास्केटबॉल महासंघाला, म्हणजे 'फिबा'ला, २००७मध्ये त्यासाठी वेगळा लवाद सुरू करावा लागला.

आमच्या वाचकांतल्या कितीतरी घरांना, विशेषतः कोकणातल्या, हे ऐकून काही नवल वाटणार नाही. अब्बा, मामू, भाईजान आखातात गेले, त्यांचंही असंच. करार दोन वर्षांचा, भाषा परकी, ईद फोनवर, आणि कागदावर एक तर हातात दुसरं. फरक एवढाच की खेळाडूचं कामाचं वय लवकर सरतं. पस्तिशीला बहुतेकांचा खेळ संपतो. तोवर जमवलेल्या पैशावर आणि शिकलेल्या गोष्टींवर पुढची चाळीस वर्षं काढायची असतात.

उशिरा आलेला मान

क्योटोनंतर वाटलं, संपलं. पण २०१६मध्ये कॉलिन केपर्निक या अमेरिकन फुटबॉलपटूने कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहायचं नाकारलं, आणि लोकांना वीस वर्षांपूर्वीचं नाव आठवलं. त्याच वर्षी फिल जॅक्सन या नामांकित प्रशिक्षकांनी स्टीफन करी याच्या खेळावरून आपल्याला महमूद आठवतात, असं म्हटलं. लांबून झटकन फेक करण्याची आजची पद्धत त्यांच्याकडे पंचवीस वर्षं आधी होती.

२०१७मध्ये 'बिग थ्री' ही तिघा-तिघांची लीग सुरू झाली. वयाच्या ४८व्या वर्षी महमूद तिच्यात उतरले आणि त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. संघाचे प्रशिक्षक होते गॅरी पेटन, म्हणजे १९९४मध्ये डेन्वरने ज्या सिॲटलला हरवलं त्या संघाचे तारे! २०२०मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने त्यांचा ३५ क्रमांकाचा सदरा सन्मानाने निवृत्त केला. आता तो क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. २०२२मध्ये आत्मचरित्र आलं, ते केपर्निक यांच्याच प्रकाशन संस्थेने काढलं. पुढच्या वर्षी त्यांच्यावर माहितीपटही आला.

मुलींच्या अम्मींसाठी

मुलांचीच गोष्ट सांगून थांबलो तर ती अर्धी राहील. बिल्कीस अब्दुल कादिर ही मॅसॅच्युसेट्स राज्यातली खेळाडू. शाळेच्या सामन्यांत तिने ३,०७० गुण काढले. त्या राज्यात मुलांतही आणि मुलींतही तेव्हा एवढे गुण कुणाचे नव्हते. पुढे मेम्फिस विद्यापीठातून खेळताना अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत हिजाब घालून खेळणारी ती पहिली मुलगी ठरली. तिला परदेशी क्लबांतून व्यावसायिक खेळ करायचा होता. पण फिबाच्या नियमाने डोकं झाकायला मनाई होती. घरी चालत होतं ते परदेशात चालत नव्हतं. तिने इतरांसोबत हा नियम बदलण्यासाठी आवाज उठवला. २०१७मध्ये नियम बदलला, पण तोवर तिची उमेदीची वर्षं निघून गेली होती. आज डोकं झाकून खेळणाऱ्या मुलींना ते दार उघडं आहे.

तर मग घर चालतं का?

चालतं. पण कुणाचं आणि किती दिवस, हे आधी विचारावं. महमूद जगातल्या मोजक्या खेळाडूंपैकी एक होते. तरी एनबीएत त्यांना अकरा वर्षांच्या काळात नऊच मोसम मिळाले आणि त्यानंतर पाच देशांत पोट भरावं लागलं. म्हणून आमची पालकांना विनंती अशी.

मुलाचा खेळ बंद करू नका. मैदान मुलाला शिस्त लावतं, हरणं पचवायला शिकवतं. पण दहावी-बारावी आणि पुढची पदवी खेळासोबत चालू ठेवा. खेळाडूंना सवलती असतात, शाळेत विचारा, अर्ज वेळेत करा. कुणी अकादमी, क्लब किंवा दलाल करार पुढे करील तर सही करण्याआधी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. मोसम मोडला तर काय, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हे लेखी असू द्या. पैसा आला की त्यातला हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

आणि अम्मींच्या प्रश्नाबद्दल. महमूद यांचा दीन परमुलखात सुटला नाही, उलट तिथेच तावून सुलाखून निघाला. त्यासाठी त्यांनी मोठी किंमत मोजली. त्यांची भूमिका प्रत्येकाला पटेलच असं नाही, ओलाजुवॉन यांनाही पटली नव्हती. पण विचारल्यावर त्यांनी कारण शांतपणे सांगितलं, समजावणाऱ्यांचं ऐकून घेतलं, योग्य वाटला तो मधला मार्ग पत्करला आणि मैदानावरची मेहनत एक दिवसही सोडली नाही. आपल्या मुलांना घरात बोलायची, प्रश्न विचारायची, वडीलधाऱ्यांशी अदबीने मतभेद मांडायची सवय लावली तर हे बळ त्यांच्यातही येईल. ते बाहेरगावी जाण्याच्या आदल्या रात्री शिकवता येत नाही. रोज दस्तरखानावर बसून, थोडं थोडं करूनच ते येतं.